'होनजिन मर्डर्स': तलवार बाहेर गेली कशी? (रहस्यभेद आहे)

पानगळ

सेइशी योकोमिझोची 'द होनजिन मर्डर्स' इंग्रजीतून वाचून संपवली (लुईस हील कावाई यांचं भाषांतर, पुश्किन व्हर्टिगो, २०१९). खाली उकलीचीच चर्चा आहे. ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

ज्यांनी पूर्वी वाचलं पण आता आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर १९३७, ओकायामाकडचं एक खेडं. इचियानागी हे जुनं, तालेवार घराणं. थोरला मुलगा केन्झो चाळिशीचा, पुस्तकात रमणारा. त्याचं कात्सुको नावाच्या शिक्षिकेशी लग्न लागतं. नवरा-नवरी वाड्याच्या आवारातल्या वेगळ्या घरात झोपायला जातात. पहाटे चारच्या पुढे किंकाळी आणि पाठोपाठ कोतो (जपानी तंतुवाद्य) वाजल्याचा आवाज येतो. लोक धावतात, कुऱ्हाडीनं लाकडी फळी फोडून आत शिरतात, तर दोघंही रक्ताच्या थारोळ्यात. सगळ्या फळ्या आतून बंद. बाहेर ताजा बर्फ, त्यावर पाऊल उमटलेलं नाही. आणि तलवार बागेत, दगडी दिव्याजवळ बर्फात उभी.

केन्झोनंच बायकोला मारलं आणि मग स्वतःला, इथपर्यंत कळलं. पण शेवटची यंत्रणा दोनदा वाचूनही डोळ्यांसमोर उभी राहत नाही. तार कुठून कुठे जाते? विळ्याचं काम काय? हे प्रत्यक्षात होईल का? आणि आत्महत्या लपवायची तर खोली बंद कशाला ठेवायची? बंद खोलीमुळेच तर संशय आत वळतो!

सुतारपक्षी

नकाशा उघडा ठेवून वाचा, नाहीतर कुणालाच कळत नाही. क्रम असा.

त्या घराच्या दारांना 'आमादो' म्हणतात: खाचेतून सरकणाऱ्या लाकडी फळ्या, रात्री ओळीनं लावून आतून अडकवायच्या. फळ्या गच्च बंद होतात, पण त्यांच्या वर छताखाली 'रान्मा' असतो, आपल्याकडच्या जुन्या दारांवरच्या जाळीच्या झरोक्यासारखा. त्यातून माणूस जात नाही. तार आणि तलवार जाते. खोली 'बंद' असल्याचा सगळा भ्रम या एका फटीवर उभा आहे, आणि योकोमिझो ती फट लपवतही नाही.

आता तार. कोतोची तार लांब घेऊन दुमडायची, दुमडीच्या फासात तलवारीची मूठ अडकवायची. दोन्ही पदर झरोक्यातून बाहेर काढायचे, दगडी दिव्यापाशी वळवायचे, तिथून बागेतून कापराच्या झाडाजवळून नेत थेट पाणचक्कीच्या चाकाला बांधायचे. गावातला माणूस पहाटे चारच्या सुमारास भात सडायला चक्की सुरू करतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाक फिरायला लागलं की तार गुंडाळली जाते. गजराचं घड्याळ म्हणा हवं तर, फक्त किल्ली दुसरा माणूस देतो आणि त्याला याचा पत्ताही नाही.

केन्झो आधी कात्सुकोला मारतो. मग कोतोच्या तारा जोरात छेडतो, म्हणजे बाहेर ताणल्या जाणाऱ्या तारेचा टणत्कार ऐकू आला तरी लोकांना तो वाद्याचाच वाटावा. मग स्वतःवर वार. चाक तलवार ओढून घेतं, ती झरोक्यातून बाहेर जाते, दिव्यापाशी अडते.

इथे विळा कामाला येतो. कापराच्या झाडात रुतलेला विळा वाचकाला पुस्तकात लवकर दिसतो आणि माळी विसरला असेल असं वाटून तो पुढे सरकतो. ताण वाढला की तारेचा एक पदर त्या पात्यावर घासून तुटतो. दुहेरी तारेचा एक पदर तुटला की दुसरा पदर मुठीभोवतून सरकत निघून जातो, सगळी तार चाकावर गोळा होते आणि तलवार खाली बर्फात पडते. एकेरी तार असती तर तुटलेलं शेपूट तलवारीला लटकत राहिलं असतं आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रकरण संपलं असतं. सगळ्या यंत्रणेत मला हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते: पुरावा स्वतःच स्वतःला आवरून घेतो.

पानगळ

झकास. दुहेरी तारेचा मुद्दाच सुटला होता. पण मग कोतोची घोडी बागेतल्या पाचोळ्यात का सापडते?

सुतारपक्षी

घोडीचं बागेतही तेच काम जे वाद्यावर: तार उचलून धरायची. लांब तार मध्येच लोंबली तर झुडपात, फांदीत अडकणार. तिला एखाद्या ठिकाणी आधार हवा, आणि आधार असा हवा की तार त्यावरून घसरेल पण बाजूला उतरणार नाही. घोडीच्या माथ्यावर तारेसाठी खाच असतेच. तार निघून गेली, घोडी पडून राहिली. वाद्यावर एक घोडी कमी, एक तार तुटलेली. कोतोला तेरा तारा आणि तेरा घोड्या, त्यामुळे गेलेली लगेच मोजता येते.

कडीकोयंडा

मांडणी बरोबर आहे. आता 'प्रत्यक्षात होईल का' याकडे येऊ, कारण इथे मला पुस्तकाशी भांडायचं आहे.

ताकदीची अडचण नाही. जपानी तलवार म्यानाशिवाय साधारण सव्वा किलोची. तार प्रत्येक कोपऱ्यावरून वळताना घर्षणानं ताण वाढतो. दाव्याचा एक वेढा खुंटाला दिला की एकटा माणूस बैल रोखतो, तेच तत्त्व इथे उलटं लागू होतं. लाकूड-दगडावर घर्षणांक ०.३ धरला तर एका काटकोनी वळणामागे ताण साधारण १.६ पट होतो. झरोक्याची कड, दिवा, झाड अशी तीन वळणं धरली तर चारपट. म्हणजे सव्वा किलोच्या तलवारीसाठी चाकाकडच्या टोकाला पाच किलोच्या आसपास ओढ. त्या काळच्या कोतोच्या तारा रेशमाच्या, पीळ देऊन घट्ट केलेल्या. वाद्यावर चढवल्या की त्या याहून जास्त ताण रोज सोसतात. आणि दुहेरी असल्यानं भार दोन पदरांत वाटला जातो.

वेळही जमतो. चाकाचा आस १५ सेंटीमीटर व्यासाचा धरा, मिनिटाला दहा फेरे धरा (आकडे माझे, पुस्तकातले नाहीत). एका फेऱ्यात ४७ सेंटीमीटर, मिनिटाला पावणेपाच मीटर तार गुंडाळली जाईल. वीस मीटरना चार मिनिटांहून थोडं जास्त. किंकाळी ऐकून लोक उठणार, फाटकाशी अडणार, ते फोडणार, तेवढ्यात काम उरकतं. ओढ संथ आहे हेही चांगलंच, कारण तार तुटते ती झटक्यानं.

बिघडेल कुठे? तीन जागा.

पहिली, लांबी. कोतो सहा फुटांचा. तारेचा जास्तीचा भाग शेपटाकडे वेटोळं करून ठेवलेला असतो, टोक तुटलं तर पुढे ओढून घेता यावी म्हणून. तो धरला तरी खोलीपासून चाकापर्यंत, तेही दुहेरी, एका तारेत भागणार नाही. म्हणजे जोड आले, जोड म्हणजे गाठी. आणि एक पदर तुटल्यावर उरलेली तार मुठीभोवतून सरकायची आहे. वाटेत गाठ आली की ती मुठीच्या वेष्टनात अडकणार. मूठ दोरीनं तिरपी विणलेली असते, गुळगुळीत नसते. दुमडीच्या दोन्ही बाजूंना जोड दूर ठेवले तर एका पदराच्या गाठी मुठीपर्यंत येतच नाहीत, पण मोकळ्या पदराच्या गाठी येतात. तेव्हा विळा तलवारीच्या जितका जवळ तितकं बरं: तुटलेलं शेपूट आखूड, त्यात गाठ नाही. योकोमिझोनं विळा चक्कीजवळ न ठेवता बागेतल्या झाडात ठेवला हे त्याच्या पथ्यावर पडतं.

दुसरी, झरोका. पातं आणि मूठ मिळून जवळजवळ एक मीटर लांबी. फास मूठ आणि पात्यामधल्या चकतीपाशी बसला तर तलवार वर जाताना आडवी होऊन अडकेल. तो मुठीच्या टोकाकडे राहिला तरच तलवार लांबट, मूठ पुढे अशी निघेल. पण टोकाकडे ठेवला तर हातातून सोडताना फास निसटायची भीती. दोन्हीकडून पंचाईत.

तिसरी सगळ्यांत वाईट. छातीत खुपसलेलं पातं चार-पाच किलोच्या ओढीनं सरळ बाहेर येईल, हे गृहीत. बरगडीत अडकलं तर? मग ओढ वाढत जाणार, आणि तलवारीआधी विळ्यावरची तार तुटणार. शेवटी तलवार प्रेतात आणि बागेत नुसती तार. या एका जागी सगळं नशिबावर आहे.

जुनी पानं

कडीकोयंडा, तुमच्या तिसऱ्या आक्षेपावर पुस्तक थोडं उत्तर देतं: या खेळाची तालीम झालेली आहे. धाकटा भाऊ साबुरो, ज्याच्या कपाटात देशी-विदेशी रहस्यकथा खच्चून भरल्या आहेत, त्यात सामील आहे. पुढे तो स्वतः त्याच युक्तीनं जखमी होतो. म्हणजे यंत्रणा एकदाच चालते असं नाही, लेखकानं ती दोनदा चालवून दाखवली आहे. अर्थात कादंबरीत चालली म्हणजे अंगणात चालेल असं नव्हे.

आता मूळ प्रश्नातला शेवटचा भाग, खोली बंद का. माझ्या मते सगळं पुस्तक इथे आहे. केन्झोला बंद खोली नकोच होती! त्याला हवा होता बाहेरून आलेला, मारून पळून गेलेला खुनी. म्हणून तर सगळ्यांचा संशय जावा असा तीन बोटांचा उपरा, म्हणून तर हत्यार बाहेर. तलवार बाहेर काढायचा एवढा खटाटोप 'आत्महत्या नाही' एवढंच सांगण्यासाठी. पण रात्री बर्फ पडला. बर्फावर पाऊल नाही म्हणजे पळून गेलेला माणूस नाही. योजना तर मागे घेता येत नाही, तार लागलेली, चाक चारला फिरणार. मग जे उरलं ते बंद खोली होऊन बसलं. इतर लेखकांचे खुनी डोकं लढवून बंद खोली बांधतात. इथे ती हवामानानं बांधली.

म्हणून 'खुन्यानं असं का केलं असेल' हा प्रश्न या पुस्तकाला लावला की उत्तर मिळत नाही. 'त्यानं काय करायचं ठरवलं होतं आणि बिनसलं काय' असा प्रश्न लावायचा.

नकारघंटा

तालमीचं आणि बर्फाचं कौतुक ऐकलं, पण मला पुस्तक पटलेलं नाही. पुस्तकाच्या मध्यावर गुप्तहेर कोसुके किंदाइची साबुरोशी रहस्यकथांवर गप्पा मारतो. त्यात सूर असा की बंद खोलीच्या गोष्टी वाचताना मजा येते, पण शेवटी दोऱ्या-खिट्यांची यांत्रिक युक्ती निघाली की हिरमोड होतो. आणि शेवटी काय निघतं? दोरी, विळा, चाक. लेखकानं स्वतःच मापदंड दिला आणि स्वतःच त्यात नापास झाला.

गॅस्टन लरूची 'पिवळी खोली' पाहा (१९०७ मध्ये क्रमशः आली). तिथे एकही दोरा नाही. लोक किंकाळी आणि गोळी ऐकतात, दार फोडतात, आत हल्लेखोर नाही. कारण हल्ला आधीच, दुपारनंतर कधीतरी होऊन गेलेला असतो. रात्री असतं ते दुःस्वप्न, पलंगावरून पडणं आणि सुटलेली गोळी. नुसती वेळ सरकवली की खोली उघडते. हे चहा पिता पिता एका वाक्यात समजावता येतं. 'होनजिन' समजवायला सुतारपक्ष्यांना चार परिच्छेद आणि नकाशा लागला.

सुतारपक्षी

चार परिच्छेद लागले हे खरं. पण 'यांत्रिक' म्हणून सगळं एका टोपलीत टाकू नका. वाईट यांत्रिक युक्ती म्हणजे वाचकाला ठाऊक नसलेलं उपकरण शेवटी आणणं. इथे काय आहे? वाद्याची तार, वाद्याची घोडी, माळ्याचा विळा, बागेतला दिवा, गावाची चक्की. सगळं त्या वाड्यात आधीपासून होतं, आणि प्रत्येक वस्तू उकलीआधी आपल्याला दाखवली आहे. घरातल्या लोकांना ती उचकटायचं कारण नाही, कारण ती रोजचीच.

शिवाय कोतो तिथे उगाच नाही. घराण्याचा पिढीजात कोतो, 'ओशिदोरी' म्हणजे जोडीनं राहणारं बदक असं त्याचं नाव, लग्नाच्या रात्री तो वाजवायची घराची रीत. त्याच वाद्याच्या तारेनं लग्न मोडायचं.

जुनी पानं

आणि नखी विसरलात! कोतो वाजवताना उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांवर नख्या चढवतात. आपल्या सतारियाची मिजराब एका बोटात, इथे तीन. सोनेरी घडीच्या पडद्यावर तीन बोटांचे रक्ताचे ठसे आहेत, आणि सगळे तीन बोटांच्या माणसामागे धावतात. ठशांत रेषा नाहीत याकडे लक्ष गेलं की बोटं नाहीत, नख्या आहेत हे कळतं. पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला धागा हाच. तलवारीच्या यंत्रणेपेक्षा शंभरपटीनं साधा. नकारघंटांना हवी तशी एका वाक्यातली उकल इथे आहे, फक्त ती मुख्य कोड्याची नाही.

नकारघंटा

नख्यांचं मान्य. तो भाग उत्तम आहे.

पण हेतूचं काय? कात्सुकोनं लग्नाआधी सांगितलं की तिचं पूर्वी एका पुरुषाशी नातं होतं. केन्झोला ते सहन होत नाही. मग लग्न मोडायचं ना! त्यासाठी दोन जीव?

जुनी पानं

लग्न मोडणं हीच त्याच्यासाठी अशक्य गोष्ट. 'होनजिन' म्हणजे इदो काळात महामार्गावरची सरकारमान्य उताऱ्याची घरं, राजधानीकडे जाणारे-येणारे सरदार तिथे उतरत. इचियानागी त्या परंपरेतले. कात्सुकोचं माहेर मूळचं कुळांचं. तिचा बाप आणि काका गिन्झो अमेरिकेत राबून पैसा जमवून परत आले आणि फळबागायत करू लागले. या लग्नाला घरातल्या सगळ्यांचा विरोध होता आणि केन्झोनं हट्टानं ते ठरवलं. आता मोडायचं तर त्याच नातेवाइकांसमोर 'तुमचंच बरोबर होतं' म्हणायचं. मोडायचं नाही तर तिच्याबरोबर राहायचं. आणि नुसती आत्महत्या केली तरी हरलाच. म्हणून खून दिसला पाहिजे, स्वतःचाही.

ओल्ड मंकसारखं पोटात उतरायला वेळ लागतो याला, पण देशमुखी वाड्यांत 'लोक काय म्हणतील' नावाचं काय प्रकरण असतं हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला तरी केन्झो परका वाटू नये. योकोमिझो त्याची बाजूही घेत नाही. पुस्तकात सगळ्यांत सरळ माणूस कोण, तर कुळाच्या घरातला गिन्झोकाका. १९४६ मध्ये, जमीनदारी मोडीत निघत असताना हे लिहिलं गेलं, ते ध्यानात ठेवून वाचा.

कडीकोयंडा

यंत्रणेवर भांडलो तरी एका गोष्टीसाठी मी लेखकाला पूर्ण गुण देतो: भाषेचा प्रामाणिकपणा. निवेदक हा गावात आलेला रहस्यकथालेखक आहे (योकोमिझो स्वतः युद्धाच्या शेवटी ओकायामाजवळच्या ओकादा गावात राहायला गेला होता). शेवटच्या प्रकरणात तो सांगतो की सुरुवातीला मी 'दोघांचा खून झाला' असं लिहिलेलंच नाही, मागे जाऊन तपासा. मागे गेलं की दिसतं, शब्द तोलून टाकलेले आहेत. दोघं रक्तात आहेत एवढंच. खून किती हे वाचकानं स्वतः ठरवलेलं असतं.

हे भाषांतरात टिकवणं कठीण. जपानीत कर्ता न सांगता, एक की दोन न सांगता वाक्य पुढे रेटता येतं. इंग्रजीत तेवढी मोकळीक नाही. मराठीत कुणी आणलं तर 'हत्याकांड', 'दुहेरी खून' असले शब्द मलपृष्ठावरसुद्धा टाकू नयेत. 'दोघांवर वार झाले' चालेल.

पानगळ

बर्फ आणि दुहेरी तार, दोन्ही कळलं. आता पुन्हा वाचणार आहे. उकल माहीत असताना कुठे थांबून बघावं? आणि यानंतर त्याच जातीचं काय? अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूवर वाढलेल्या घरच्यांनाही द्यायचं आहे.

जुनी पानं

लोक फळी फोडून आत शिरतात ते प्रकरण सावकाश. कोण काय ऐकतो याची यादी करा: किंकाळी, वाद्य, नंतरचा तारेचा आवाज. शेवटचा आवाज घरातून येतोय की बागेतून, हे ऐकणाऱ्यांना कळत नाही. मग विळा आणि घोडी पहिल्यांदा येतात ती वाक्यं. मग सुझुको या धाकट्या बहिणीच्या मेलेल्या मांजरीचं थडगं. ते कारुण्यासाठी आहे असं वाटतं, तसं नुसतं नाही.

घरच्यांना देताना एक सांगा: अर्नाळकरांसारखा पाठलाग, वेषांतर, मारामारी इथे नाही. किंदाइची येतो तोच पुस्तक बरंच पुढे गेल्यावर, विस्कटलेले केस खाजवत, अडखळत बोलत. पहिली चाळीस पानं नावांतच जातात, म्हणून इचियानागी भावंडांची नावं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा.

नकारघंटा

पुढचं वाचन म्हणाल तर जॉन डिक्सन कारची 'द हॉलो मॅन' (१९३५). सतराव्या प्रकरणात गोष्ट थांबवून त्यातला गुप्तहेर डॉक्टर फेल बंद खोलीच्या युक्त्यांवर व्याख्यानच देतो, आणि तिथे लरूच्या पिवळ्या खोलीला सर्वश्रेष्ठ ठरवतो. योकोमिझो कारचा भक्त, त्यामुळे गुरू-शिष्य एकापाठोपाठ वाचले की कुणी काय उचललं ते दिसतं. मात्र 'हॉलो मॅन'ची उकल 'होनजिन'पेक्षा दुप्पट गुंतागुंतीची आहे, तेव्हा नंतर इथे येऊन मला बोल लावू नका.

सुतारपक्षी

दोरीचीच आवड लागली असेल तर कॉनन डॉयलची 'थॉर ब्रिज'ची गोष्ट (१९२२) आधी वाचा, अर्ध्या तासात होते. दोरीला दगड, दोरीचं दुसरं टोक पिस्तुलाला, पुलाच्या कठड्यावरून सगळं पाण्यात. तिथे हत्यार नाहीसं होतं आणि कठड्याच्या दगडावर टवका राहतो. 'होनजिन'मध्ये हत्यार समोर उभं राहतं आणि दोरी नाहीशी होते. मग परत येऊन कापराच्या झाडापाशी थांबा.